व्हायब्रेशन प्लेटवर रोज दहा मिनिटं उभं राहून आईचं पोट उतरेल का?

तुमच्या आई चौसष्टच्या, गुडघे दुखतात म्हणून चालणं टाळतात, तेव्हा हे मशीन घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पोट उतरवण्यासाठी घेणार असाल तर घेऊ नका.

मशीनची फळी थरथरली की पायाचे स्नायू सेकंदाला कित्येक वेळा किंचित ताणले जातात आणि आपोआप आवळले जातात. मांड्या भरून येतात, व्यायाम झाल्यासारखं वाटतं. पण ऊर्जा खर्च होते ती फार तर साधारण चालण्याइतकीच. दहा मिनिटांत चरबी कितीशी जाणार?

बेल्जियममध्ये लुव्हेनला 58 ते 74 वयाच्या बायकांवर सहा महिने प्रयोग झाला, 2004 साली तो छापून आला. पायांची ताकद वाढली, खुब्याच्या हाडाची घनताही जेमतेम एक टक्का वाढली. पण त्या बायका नुसत्या उभ्या नव्हत्या हो! फळीवर अर्ध्या बैठका काढत होत्या, एक पाय पुढे टाकून वाकत होत्या. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही. टोरांटोत दोनशे बायकांवर प्रयोग झाला, त्यातल्या दोन-तृतीयांश जणी वर्षभर रोज वीस मिनिटं सौम्य कंपनांच्या फळीवर नुसत्या उभ्या राहिल्या; बाकीच्यांच्या तुलनेत हाडांत काहीच फरक नाही.

माझ्याकडच्या एक काकू घरी गुडघे ताठ ठेवून उभ्या राहायच्या. हादरा थेट डोक्यात, कवळी कडकडायची, समोरचं कॅलेंडर हलताना दिसायचं. दांडा धरून, गुडघे थोडे वाकवून, भार चवड्यांवर घ्यायला लावला तेव्हा हादरा मांड्यांत जिरला.

पेसमेकर, पित्ताचे किंवा मूत्रपिंडातले खडे, पायात रक्ताची गुठळी, डोळ्याच्या पडद्याचा त्रास, नुकतंच मोडलेलं हाड, यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय फळीवर पाय ठेवू देऊ नका.

मला काळजी वेगळीच वाटते. या वयात वजनाच्या मागे लागून जेवण तोडलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि मग जमिनीवरून उठणं अवघड होतं. वरण, उसळ, दही, अंडी चालत असतील तर अंडी, हे ताटातून काढू नका. आजपासून भिंतीला टेकवलेल्या उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं सुरू करा, पाच-पाच वेळा, दिवसातून दोनदा. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत. गुडघा दुखला तर खुर्चीवर आणखी एक उशी ठेवा.