अठरा पूर्ण झाली, आता सही कुणाची?

प्रश्न : मुलाला ६५ टक्के बौद्धिक अक्षमता आहे. परवा अठरा पूर्ण झाली, तर बँक म्हणते आईची सही चालणार नाही. काय करावं?
– एक आई, तासगाव

उत्तर : अठरानंतर आईवडीलही आपोआप पालक राहत नाहीत, हे खरंच. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. जिल्हाधिकारी तिचे प्रमुख, म्हणून अर्ज सांगलीला करायचा, नमुना 'अ' मध्ये. सोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, मुलाचं नि तुमचं आधार, वयाचा दाखला जोडा.

घोळ होतो तो नावांत. आधारवर 'संतोष बाळासो', प्रमाणपत्रावर 'संतोष बाळासाहेब', पासबुकात नुसतंच 'संतोष'. आधी तिन्ही एकसारखं करून घ्या, नाहीतर आदेश हातात असूनही बँकेच्या खिडकीवरून परत याल. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदतही बघा.

आदेश मिळाला की काम संपलं, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते. सातबाऱ्यावर त्याचं नाव असेल तर ती जमीनही त्यात येते. पुढे दर मार्चनंतर तीन महिन्यांत जमाखर्च. शंभर पानी वही आजच घाला, औषधाच्या पावत्या तिच्यातच चिकटवा.