पहाटे साडेपाचला जिम, तरी दिवसभर खा-खा का?

तुम्ही लिहिलंय, झोपायला एक वाजतो, साडेपाचला जिममध्ये हजर. वजन हलत नाही, दिवसभर खा-खा सुटते, अंग ठणकतं. व्यायामाची वेळ चुकतेय का? माझ्या मते चुकतेय ती झोप.

मी डॉक्टर नाही, पण जातीचा घुबड आहे. बायको पहाटे टुणकन उठणारी. तिच्या नादाने दोन महिने हनुमान टेकडी चढलो. उतरल्यावर भूक अजिबात नसायची, तेव्हा वाटायचं जमलं! दमवणाऱ्या व्यायामाने घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक तासभर दबतं, एवढंच ते होतं. साडेदहाला ऑफिसात दुपारचा डबा फस्त, आणि दीडला कँटीनची राइसप्लेट वेगळी.

शिकागोत 2004 मध्ये 12 निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं होतं. दहा तास झोपेच्या तुलनेत घ्रेलिन 28 टक्के वाढलं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन 18 टक्के घटलं. तुमची झोप जेमतेम चार तास. मग जिभेवर ताबा नाही म्हणून स्वतःला कशाला कोसता?

ठणक्याचं म्हणाल तर, व्यायामात स्नायू स्वतःच इंटरल्यूकिन-6 नावाचं रसायन सोडतात. नाव दाह वाढवणाऱ्यांच्या यादीतलं, पण स्नायूंतून आलेलं हे पुढे दाह शमवणारी रसायनं जागी करतं. हा हिशेब पुरा व्हायला विश्रांती लागते. अपुऱ्या झोपेत दाह रेंगाळतो. (जोरदार व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारी रक्ततपासणी, करू नका, उगाच जास्त दिसेल.)

मी वेळ संध्याकाळी सहाची केली. शरीराचं तापमान तेव्हा चढतं असतं, आणि आम्हा घुबडांचं तर आणखी उशिरा. पहाटे गुडघे कुरकुरायचे, ते थांबलं. भुकेचं घड्याळही साधारण रात्री आठला टोकाला जातं, म्हणून टेकडीवरून येऊन आंघोळ आणि साडेआठला सरळ जेवण. मधला चिवडा सुटला. वजन? तीन महिन्यांत दोन किलो, फार नाही.

सकाळचीच वेळ सोयीची असेल तर आधी झोप साडेदहावर आणा, रोज पंधरा-वीस मिनिटं मागे. जमेना तर बिनधास्त संध्याकाळी जा, फक्त झोपण्याआधीच्या तासाभरात जड वजनं नकोत. मधुमेहाची औषधं चालू असतील तर वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि सकाळी बोटांचे सांधे तासभर आखडून राहत असतील, तर ते जिमचं दुखणं समजून अंगावर काढू नका.