स्पेनची सहल दिवाळीत करा, मेमध्ये कर्ज काढून नको

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. नवरा-बायको, आठवीतला मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई अशा पाच जणांना येत्या मे महिन्यात दक्षिण स्पेनला जायचंय. मालागाला गाडी भाड्याने घ्यायची आणि रोंडा, सेव्हिया, कॉर्डोबा, ग्रनाडा अशी जुनी गावं १३ रात्रींत बघायची. खर्च ९ लाख धरलाय. सहलीसाठी महिन्याला २५,००० रुपयांची आरडी चालू आहे, तिचे मेपर्यंत ५ लाख होतील. उरलेले ४ लाख पर्सनल लोन काढून उभे करावेत, की मुलाच्या शिक्षणाच्या म्युच्युअल फंडातून काढावेत? मिस्टरांचा कल लोनकडे आहे. जूनमध्ये हातात दीड लाख बोनस येतो, त्यातून लोन लवकर फिटेल असं त्यांचं म्हणणं.

ताई, दोन्ही नको. सहल मात्र रद्द करू नका. सासूबाईंना आत्ता चालवतंय, मुलं आत्ता तुमच्याबरोबर आनंदाने येतील, आणि पुढच्या वर्षानंतर दहावी सुरू होते. ही वेळ पुन्हा येणार नाही, म्हणून या सहलीसाठी पैसे खर्च करणं मला योग्यच वाटतं. प्रश्न फक्त कधी जायचं आणि कसं फिरायचं एवढाच आहे.

आधी लोन. ४ लाख, १३ टक्के व्याज, तीन वर्षं धरली तर हप्ता सुमारे १३,५०० रुपये आणि एकूण व्याज ८५,००० च्या आसपास. तुमचा गृहकर्जाचा हप्ता आधीच ४२,००० आहे. हा नवा हप्ता मुलाच्या नववी, दहावी आणि अकरावीत चालू राहणार, म्हणजे नेमका क्लासची फी भरायच्या वर्षांत. बोनसने कर्ज लवकर फिटेल हे खरं, पण बोनस हक्काचा पगार नव्हे. शिवाय मुदतीआधी कर्ज फेडायला बँक काही दंड लावते का, ते करारात बघावं लागेल.

फंडाला तर हातच लावू नका. ते पैसे चार-साडेचार वर्षांनी लागणार आहेत आणि कॉलेजची फी पुढे ढकलता येत नाही. सहल ढकलता येते.

म्हणून माझा सल्ला: मेऐवजी दिवाळीच्या सुट्टीत जा, मुलगा नववीत असताना. पाच महिने जास्त मिळाले की आरडीत सव्वा लाख वाढतात, ६.२५ लाख होतात. बोनस धरून ७.७५ लाख. आता सहल त्या रकमेत बसवायची.

तुमच्या ९ लाखांत विमान ३.५, राहणं २.१, गाडी १.४, जेवण आणि प्रवेश तिकिटं १.२, व्हिसा आणि विमा ०.८ असं आहे. विमानाचा आकडा मी तसाच ठेवतो, दिवाळीत तिकीट स्वस्त मिळेलच असं नाही. तेरा रात्रींच्या दहा करा, राहण्याचा खर्च १.६ वर येतो, जेवण-तिकिटांचा ०.९५ वर. मेच्या पहिल्या पंधरवड्यात कॉर्डोबात घरांच्या अंगणांचा उत्सव असतो, तेव्हा खोल्या महाग होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती अडचण नाही. फक्त १ नोव्हेंबरची तिथली सुट्टी टाळा आणि थोडा पाऊस गृहीत धरा.

खरी बचत गाडीत आहे. सबंध सहलभर गाडी हवी हे तुम्ही धरून चाललात, पण या गावांत ती अंगावर येते. सेव्हिया आणि ग्रनाडाच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंधनं आहेत. कॅमेरा नंबर प्लेट टिपतो. दंडाचं पत्र गाडीच्या कंपनीकडे जातं आणि कंपनी स्वतःचा आकार लावून तुमच्या कार्डावरून पैसे कापते, तेही तुम्ही घरी परतल्यावर. लवकर भरला तर दंडात ५० टक्के सूट असते, पण पत्र तुमच्या हाती उशिरा पडलं की ती गेलीच. पार्किंगचे पैसे रोजचे वेगळे. त्यात तुम्ही पाच जण. पाच सीटच्या गाडीत पाच माणसं बसतील, पाच बॅगा बसणार नाहीत. मग सात सीटची, आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची सवय नसल्यामुळे ऑटोमॅटिक, म्हणजे तिथली महागातली गाडी.

गाडी तीन दिवस घ्या. मालागाला उचला, रोंडाला जा. तिथला नवा पूल १७९३ मध्ये पूर्ण झाला, दरीपासून साधारण ९८ मीटर उंच. पुढे सेतेनिल हे गाव, तिथे घरं कड्याच्या पोटात बांधली आहेत. मग आर्कोस हे गाव करून सेव्हियाला गाडी परत. मिस्टरांना चालवण्याची हौस आहे, ती याच डोंगरी रस्त्यांवर चांगली भागेल. सेव्हिया ते कॉर्डोबा वेगवान रेल्वेने पाऊण तास लागतो, तिथून ग्रनाडाही रेल्वेने, आणि ग्रनाडाहून बसने मालागा. गाडी ४०,०००, रेल्वे-बस २५,०००. एकूण बेरीज ७.५ लाख. हाताशी २५,००० राहतात, ते ठेवाच.

गाडीसाठी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. डिपॉझिट चालवणाऱ्याच्या नावावरच्या क्रेडिट कार्डवर अडकतं, तेव्हा त्या कार्डाची मर्यादा पुरेशी आहे ना ते बघा. बाकी खर्च मात्र त्या कार्डाने करू नका. बऱ्याच कार्डांवर परकीय चलनाचा साडेतीन टक्के आकार आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणजे चार टक्क्यांच्या वर. फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच यूरो भरून ठेवायचं कार्ड, घ्या. दुकानदाराने 'रुपयांत की यूरोत' विचारलं तर यूरोतच द्या. स्वतः बुकिंग केलंत तर फॉरेक्सवर माणशी वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ कापला जाणारा आयकर, नाही. पॅकेजवर तो कापला जातो. रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात.

व्हिसाची फी प्रौढांना ९० यूरो, सहा ते अकरा वयाला ४५. मुलाची बारा वर्षं झाली आहेत, त्यामुळे त्याची पूर्ण भरावी लागेल. विमा किमान ३०,००० यूरोचा लागतो. सासूबाईंचा बीपी किंवा शुगर असेल तर ते फॉर्ममध्ये लिहा आणि जुना आजार ज्यात धरला जातो अशीच पॉलिसी घ्या, प्रीमियम जास्त पडला तरी. इथे हात आखडू नका.

ग्रनाडातल्या अल्हाम्ब्रा या जुन्या राजवाडा-किल्ल्याची तिकिटं नावावर असतात आणि आधी संपतात. त्यातल्या नास्रिद महालात शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकली तर आत सोडत नाहीत. व्हिसा हातात आल्यावर सगळ्यात आधी ती काढा. आणि त्याच्याही आधी, याच आठवड्यात, सासूबाईंचा पासपोर्ट कपाटातून काढून तारीख बघा. परतीनंतर किमान तीन महिने तो चालू असावा लागतो.