वार, जुने विषाणू आणि लेकीचा हट्ट

नमस्कार भाऊ,

औशाकडून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीने लातूरला राहून मेडिकल प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा रिपीट केली, मार्क थोडक्यात हुकले. आता ती म्हणते, डॉक्टरकी नको, माणसाच्या जनुकांत दडलेल्या जुन्या विषाणूंवर संशोधन करायचंय. आजीचा संधिवातही त्यांच्यामुळेच आहे, असं तिचं म्हणणं. तुम्ही विचारता, हे खरं असतं का, आणि यात पोट भरतं का?

खरं असतं. एचआयव्हीच्या कुळातले विषाणू आपली प्रत थेट पेशीच्या डीएनएत घुसवतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी अशा काही प्रती आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या वारशाने उतरत आल्या. आपल्या डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग त्यांचा आहे. प्रथिनं बनवण्याची माहिती मात्र जेमतेम दीड-दोन टक्क्यांत मावते.

गाय व्याली की वार पडेपर्यंत तुम्ही गोठ्यातून हलत नसाल. बाईच्या वारेत, म्हणजे प्लासेंटात, आईचं रक्त आणि बाळ यांच्यामध्ये पेशींचा एक थर असतो. त्या पेशी एकमेकींत मिसळून सलग होतात, त्यासाठी सिन्सिटिन नावाचं प्रथिन लागतं. त्याचं जनुक जुन्या विषाणूचं आहे, हे २००० साली उजेडात आलं. विषाणू ज्या करामतीने पेशीत शिरायचा, तीच इथे बाळाच्या पोषणाला कामी आली. गाईगुरांतही असं जनुक सापडलंय, पण ते वेगळ्याच विषाणूकडून आलेलं. मला स्वतःला ही गोष्ट फार मोठी वाटते. मुलीला तिचं वेड लागलं, यात नवल नाही.

आजीबद्दल मात्र तिला थांबवा. यातले बहुतेक तुकडे मोडके आहेत, शरीर त्यांना गप्प ठेवतं. मल्टिपल स्क्लेरोसिस आणि मोटर न्यूरॉनचा आजार हे मज्जासंस्थेचे आजार, शिवाय काही कॅन्सर यांत ते जागे झालेले दिसतात. पण त्यांच्यामुळे आजार झाला, की आजारामुळे ते जागे झाले, हा वाद मिटलेला नाही. आजीची औषधं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालू ठेवा. हे विषाणू एकाचे दुसऱ्याला लागतही नाहीत.

आता पोटाचं. वाट लांब आहे, बारावीनंतर दहा वर्षं धरून चला. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांमध्ये पाच वर्षांचा बीएस-एमएस हा पदवी-पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, पुण्यातही आहे. त्याच्या प्रवेश परीक्षेला बायोलॉजीवाली मुलंही बसू शकतात, पण गणिताचे प्रश्न असतात आणि तिचं गणित सुटलेलं आहे. आजपासून रोज तासभर गणित करायला लावा. तिथे नाही जमलं तर जवळच्या कॉलेजात बीएस्सी, मग एमएस्सीच्या प्रवेशासाठी गॅट-बी किंवा जॅम ही परीक्षा. थोडं कोडिंगही शिकू द्या, कारण हे तुकडे आता संगणकावरच शोधतात. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये फेलोशिप आणि वर घरभाडं मिळतं. पीएचडीनंतरही पक्की नोकरी लगेच लागत नाही, हे तिलाही स्पष्ट सांगा.

मन नसताना पुन्हा नीटला बसवू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं.

पुढच्या वेळी गाय व्याली की वार पुरण्याआधी ती बघायला मुलीला गोठ्यात बोलवा. हातमोजे मात्र घालायला लावा, वारेतून जनावरांचे रोग माणसाला लागतात.