मुलगी म्हणते, बॉक्सरची मॅनेजर होईन

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला. पाच वर्षं बॉक्सिंग खेळली, खांदा गेला आणि डॉक्टरांनी रिंग बंद केली. महिनाभर ती घरात कुणाशी धड बोलली नाही. मग एका रात्री बॉक्सिंग मॅनेजर झालेल्या बाईचा सिनेमा पाहिला आणि सकाळी चहाच्या वेळी सांगून टाकलं की आता परीक्षा देणार नाही, क्लबमध्ये राहून मॅनेजर होणार. तुम्ही विचारता: असं काम खरंच असतं का, त्यात बाईला कोणी उभं करतं का, आणि हिला अडवू की जाऊ देऊ?

आधी एक विनंती. त्या सिनेमाला तिच्यासमोर नावं ठेवू नका. महिनाभर गप्प असलेली मुलगी त्याच्यामुळे बोलायला लागली आहे.

आणि सिनेमा हवेतला नाही. ती नायिका जॅकी कॅलन या खऱ्या बाईवर बेतलेली आहे. अमेरिकेतल्या डेट्रॉईटच्या कॅलन मुळात पत्रकार. बॉक्सर थॉमस हर्न्सची मुलाखत घ्यायला गेल्या आणि या खेळात ओढल्या गेल्या. त्यांनी लगेच मॅनेजरकी केली नाही. आधी कित्येक वर्षं हर्न्सचं प्रसिद्धीचं काम पाहिलं: पत्रकारांना फोन, फोटो, मुलाखतींच्या वेळा. कोण शब्द पाळतो, कोण फिरवतो, हे त्या काळात पाहून घेतलं. मग स्वतःचे बॉक्सर घेतले, त्यातला एक जेम्स टोनी. १० मे १९९१ रोजी, २२ वर्षांच्या टोनीनं तोवर अपराजित असलेल्या मायकेल नन याला त्याच्याच गावात, अकराव्या फेरीत पाडलं आणि आयबीएफ या आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेचा मिडलवेट, म्हणजे मधल्या वजनगटाचा किताब घेतला. त्या क्षणापर्यंत गुणांवर टोनी मागे होता. सिनेमावाल्यांना मोह पडणारच.

पण मॅनेजरचं काम त्या रात्रीच्या कितीतरी आधी झालेलं असतं. रिंगमध्ये डावपेच कोच सांगतो. कार्यक्रम भरवतो, तिकिटं विकतो, टीव्हीशी बोलणी करतो तो प्रमोटर. मॅनेजर बॉक्सरचा माणूस. कोणाशी लढायचं, कधी, किती वजनाला, किती फेऱ्या, किती पैसे, करारात काय लिहिलंय, हे त्यानं बघायचं. प्रमोटरला कार्यक्रम भरायचा असतो आणि मॅनेजरला आपला बॉक्सर शाबूत ठेवायचा असतो. दोघांचं हित एक नसतं. म्हणून तर अमेरिकेत २००० साली मुहम्मद अलींच्या नावानं कायदा झाला, त्यात मॅनेजरनं प्रमोटरच्या धंद्यात पैशाचा हितसंबंध ठेवायचा नाही, प्रमोटरनं मॅनेजरच्या धंद्यात ठेवायचा नाही, असं बजावलं आहे. आधी काय चालत असेल त्याचा अंदाज यावरून करा.

माझ्याकडे एकदा एक तरुण बॉक्सर आला होता. घडी घालून घालून फाटायला आलेले चार कागद त्यानं टेबलावर ठेवले. ‘मॅडम, यातून बाहेर कसं पडू?’ करार तीन वर्षांचा होता. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ: या काळात किताब जिंकला तर करार आपोआप आणखी दोन वर्षं वाढेल, आणि तोही जुन्याच दरानं. म्हणजे जिंकला की अडकला. सही कुठे केलीस विचारलं तर म्हणाला, गाडीच्या बॉनेटवर, लढतीआधीचं वजन करायला जाताना, घाईत. सही तिरकी गेलेली दिसत होती. आपल्या बाजूनं तो कागद वाचणारं एकही माणूस त्याच्याकडे नव्हतं. तुमची मुलगी जे व्हायचं म्हणते आहे ना, ते हे माणूस.

आता पैशाचं, कारण तुम्हाला त्याचीच काळजी आहे आणि ती रास्त आहे. मॅनेजरला पगार नसतो, बॉक्सरच्या मानधनात वाटा असतो. कॅलिफोर्नियाच्या नियमांत तो जास्तीत जास्त एक तृतीयांश, ब्रिटनमध्ये २५ टक्के. कोच रिवाजानं दहा टक्के घेतो. किताबाची लढत असली तर किताब देणारी संघटना साधारण तीन टक्के कापते. शिवाय जखमेचं रक्त थांबवणारा कटमन, सरावाचे जोडीदार, वैद्यकीय तपासण्या, कर. मार ज्यानं खाल्ला त्याच्या हातात निम्मं उरलं तरी खूप. आणि नवखा बॉक्सर चार फेऱ्यांच्या लढती लढत असतो, तेव्हा त्याच्या मानधनाचा वाटा घेऊन मॅनेजरचा फोनचा खर्चही सुटत नाही. काही वर्षं हे असंच चालतं. त्या वर्षांत पोट भरायला दुसरं काम लागतं. हिच्या बाबतीत ते हिशेबाचं काम असू शकतं, आणि तोच हिशेब पुढे मॅनेजर म्हणून रोज लागणार आहे. तेव्हा परीक्षा सोडायची नाही, यावर मी तुमच्या बाजूनं आहे. काही महिन्यांचा प्रश्न आहे. तिला सांगा, करार वाचायला येणं हे या धंद्यातलं हत्यार आहे आणि ती ते अर्धं घडवून बसली आहे.

बाईला उभं करतात का? दारात नाही करत, हे खरं. पण आत गेलेल्या आहेत. लॉस एंजेलिसमध्ये आयलीन ईटन यांनी १९४० च्या दशकापासून कित्येक दशकं बॉक्सिंगचे कार्यक्रम भरवले, आणि २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये दाखल झालेल्या त्या पहिल्या बाई. १९७७ मध्ये अली आणि शेव्हर्स यांच्या लढतीत पंचांच्या खुर्चीवर ईव्हा शेन होत्या. ब्रिटनच्या जेन काउच यांना लढण्याचा परवानाच नाकारला होता, तो त्यांनी १९९८ मध्ये भांडून मिळवला. कॅथी डुवा यांनीही कॅलनसारखीच प्रसिद्धीच्या कामातून सुरुवात केली आणि पुढे प्रमोटर कंपनी चालवली. बाजूच्या दारानं आत जाऊन, काम शिकून मग मधल्या खोलीत बसायचं, ही वाट पुन्हा पुन्हा दिसते. आणि २०२२ मध्ये केटी टेलर आणि अमांडा सेरानो यांच्या लढतीनं न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे मोठं क्रीडागृह भरलं, तेव्हापासून बायकांच्या बॉक्सिंगकडे पाहण्याची नजर बदलली आहे. वजन उतरवताना मुलीच्या अंगाचं काय होतं हे स्वतः भोगलेली मॅनेजर त्या मुलींना हवीच आहे.

मला धास्ती वेगळीच वाटते. हिला खेळ सोडावा लागला आहे, मनातून तो सुटलेला नाही. अशी माणसं कधीकधी आपली अपुरी राहिलेली लढत दुसऱ्याच्या अंगावर लढतात. बॉक्सिंगमध्ये त्याची किंमत फार मोठी आहे. १९८२ मध्ये लास वेगासला अमेरिकेच्या रे मॅन्सिनीशी लढताना दक्षिण कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतरच किताबाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. मॅनेजरला जे सगळ्यांत जास्त वेळा म्हणावं लागतं ते ‘नाही’. प्रमोटरला नाही, उतावळ्या बॉक्सरला नाही, त्याच्या वडिलांनाही नाही.

म्हणून असं करा. परीक्षा होईपर्यंत तिला संध्याकाळी दोन तास क्लबमध्ये जाऊ द्या. तिथं तिनं एकाच बॉक्सरची फाइल बनवायची. आतापर्यंतच्या लढती, प्रत्येक प्रतिस्पर्धी डावखुरा की उजवा, वजनाची रोजची नोंद, वैद्यकीय कागद, डोक्याला मार बसल्यावर किती दिवस विश्रांती मिळाली, झालेला खर्च. फायलीच्या शेवटच्या पानावर तिला माझा एक प्रश्न लिहून घ्यायला सांगा: दहा दिवसांवर लढत आहे, ठरलेला प्रतिस्पर्धी बाद झालाय, बदली माणूस चार किलोनं जड आहे, पैसे दुप्पट देतायत आणि तुझा बॉक्सर म्हणतोय, ताई, घे. तू प्रमोटरला काय सांगशील, आणि मग बॉक्सरला काय सांगशील?

उत्तर तिनं स्वतः लिहावं, तुम्ही सुचवू नका. परीक्षा संपली की फाइल घेऊन तिला माझ्याकडे पाठवा. मी शेवटच्या पानापासून वाचायला घेईन.

तुमची,
मार्गदर्शक ताई