टाळेबंदीमुळे घर वेळेत सोडता आले नाही, तर भाडे किती?

प्रश्न : नोकरीनिमित्त भाड्याने घेतलेल्या घराचा माझा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार 31 मार्च 2020 रोजी संपला. मार्चच्या मध्याला मी गावी आलो होतो आणि महिनाअखेरीस परत जाऊन सामान हलवायचे, असे ठरले होते. तेवढ्यात जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, टाळेबंदी लागू झाली आणि मी गावीच अडकलो. पुढे प्रवासाचा पास मिळाल्यावर 9 जूनला घर रिकामे करून किल्ल्या दिल्या. भाडे महिना 14,000 रुपये आणि अनामत 50,000 रुपये होती. आता घरमालक करार संपल्यानंतरच्या काळाचे भाडे दुप्पट दराने, म्हणजे 64,400 रुपये लावून अनामत तर देत नाहीतच, उलट आणखी 14,400 रुपये मागत आहेत. या काळात मी त्या घरात एक रात्रही राहिलो नसताना मला भाडे का द्यावे लागावे?

उत्तर : आपण त्या घरात राहिला नाहीत हे खरे असले, तरी घर आपल्याच ताब्यात होते. आपले सामान आत होते, कुलूप आपले होते, आणि त्यामुळे घरमालकांना ते घर दुसऱ्या कोणाला देता येत नव्हते. भाड्याची जबाबदारी भाडेकरूच्या मुक्कामावर नव्हे, तर ताब्यावर ठरते. म्हणून 1 एप्रिल ते 9 जून या काळाचे भाडे नेहमीच्या दराने देणे आपल्याला टाळता येईल, असे मला वाटत नाही.

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 56 नुसार अशक्य झालेला करार रद्दबातल ठरतो, याचा आधार अनेक जण घेऊ पाहतात. परंतु अशक्य झाला होता तो आपला प्रवास. घराचा ताबा आपल्याकडे असणे आणि त्याचा मोबदला देणे यांपैकी काहीही अशक्य झाले नव्हते. दिल्ली उच्च न्यायालयाने 21 मे 2020 च्या निकालात एका दुकानाच्या भाडेकरूबाबत हीच भूमिका घेतली. करारात तशी तरतूद नसेल आणि भाडेकरूला जागा स्वतःकडेच ठेवायची असेल, तर केवळ टाळेबंदीमुळे भाडे माफ होत नाही, मात्र ते भरण्यास वाढीव मुदत देता येते, असे न्यायालयाने म्हटले. हा निकाल महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नसला, तरी त्यातील विचार येथेही लागू पडण्याजोगा आहे. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने 17 एप्रिल 2020 रोजी भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याची सूचना घरमालकांना केली होती. तीही वसुली लांबवण्यापुरतीच होती, तिच्यात माफी नव्हती.

दुप्पट दराची मागणी मात्र मला अन्यायाची वाटते. तिचा उगम महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 मध्ये आहे. मुदत संपूनही ताबा न देणाऱ्या आणि सक्षम प्राधिकाऱ्याने, म्हणजे या कायद्याखाली ताब्याचे अर्ज ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने, बाहेर काढेपर्यंत जागा अडवून बसणाऱ्या व्यक्तीकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई घेण्याची ही तरतूद आहे. आपल्या घरमालकांनी ताब्यासाठी असा अर्ज केल्याचे आपण लिहिलेले नाही, आणि आपण तर वाट मोकळी होताच स्वतःहून ताबा दिला. अशा स्थितीत मालकांनी स्वतःच न्यायनिवाडा करून दुप्पट रक्कम अनामतीतून कापून घेणे या कलमात बसत नाही. दुप्पट आकारणीची अट करारात लिहिलेली असली, तरी करार कायद्याच्या कलम 74 नुसार वाजवी भरपाईच मिळू शकते. लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते.

आपण पत्रासोबत घरमालकांच्या 30 मार्चच्या मोबाइल संदेशाची प्रत जोडली आहे. त्यात 'रस्ते सुरू झाले की या, घाई करू नका' असे शब्द आहेत. आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम कागद हाच आहे, कारण समोरच्याला वचन पाळण्यासाठी मुदत वाढवून देण्यास करार कायद्याच्या कलम 63 ची मान्यता आहे, आणि मुदत स्वतः वाढवून देणाऱ्याला नंतर त्याच काळासाठी दंड मागणे कठीण जाईल. हा संदेश मूळ फोनमध्ये जपून ठेवावा. घरमालकांच्या हाती एक मुद्दा राहतो, तो म्हणजे मे महिन्याचा. केंद्राच्या 29 एप्रिलच्या आदेशानंतर अडकलेल्या लोकांना प्रवासाची परवानगी मिळू लागली होती, तेव्हा पाससाठी आपण अर्ज केव्हा केला आणि तो कितीदा नाकारला गेला, हे दाखवणाऱ्या नोंदी काढून ठेवाव्यात.

हिशेब असा होतो : एप्रिल व मे महिन्यांचे 28,000 रुपये आणि जूनच्या नऊ दिवसांचे 4,200 रुपये, मिळून 32,200 रुपये. ते वजा जाता अनामतीपैकी 17,800 रुपये आपल्याला परत मिळायला हवेत. वीजबिल किंवा खरोखरीची मोडतोड असल्यास तेवढी रक्कम पावती पाहून वजा करू द्यावी. हा हिशेब, संदेशाची प्रत आणि किल्ल्या दिल्याची तारीख लिहून घरमालकांना स्पीड पोस्टने पत्र पाठवावे व पैसे परत करण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत द्यावी. त्यानंतरही नकार आल्यास वकिलामार्फत नोटीस देऊन अनामतीच्या वसुलीचा दावा करता येईल. दरम्यान थोडी रक्कम देऊन 'पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला' अशा पावतीवर सही मागितली गेली, तर ती करू नये.