दिवसभर कोडिंग करूनही संध्याकाळी हाती काही लागत नाही. मुंबईतल्या नव्या प्रोग्रामरने दिवस कसा लावावा?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: घर डोंबिवलीला, नोकरी ऐरोलीला, लागून सात महिने झाले, टीममधले निम्मे लोक न्यूयॉर्कला, त्यांच्याशी संध्याकाळी कॉल. काम आवडतं, पण सकाळच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, ‘काल काय केलंस?’ विचारलं की दोन वाक्यांच्या पुढे काही सुचत नाही, आणि आपण या कामासाठी नाहीच असं वाटू लागतं.

असं वाटायचं कारण मला तुमच्या दिवसाच्या सांध्यांमध्ये दिसतं. घर ते गाडी, गाडी ते खुर्ची, मीटिंग ते कोड, जेवण ते कोड. प्रत्येक सांध्यावर डोक्यातला धागा सुटतो आणि दिवसाचा मोठा भाग तो पुन्हा सापडवण्यात जातो. एखादा बग शोधताना तुम्ही पाच-सहा गोष्टी एकाच वेळी मनात धरून ठेवता: विनंती कुठून आली, कुठल्या फंक्शनमध्ये गेली, तिथे व्हेरिएबलची किंमत काय होती, कुठला अंदाज खोटा ठरला, कुठला अजून तपासायचाय. यातलं काहीच कागदावर नसतं. शेजारच्याने ‘दोन मिनिटं आहेत का?’ विचारलं की ती सगळी मांडणी कोसळते, आणि ती परत उभारायला दोन मिनिटांच्या कितीतरी पट वेळ लागतो. हा वेळ कुठल्याच टाइमशीटवर दिसत नाही, म्हणून संध्याकाळी दिवस हरवल्यासारखा वाटतो.

उपाय धागा जागेवर बांधून ठेवण्याचा आहे, आणि तो सकाळी नाही, निघतानाच करावा लागतो.

लॅपटॉप मिटायच्या पंधरा मिनिटं आधी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये तीन ओळी लिहा. आत्ता कुठे आहे, आज काय खोटं ठरलं, उद्याची पहिली कृती काय. तिसरी ओळ इतकी बारीक हवी की झोपेतून उठूनही करता यावी. ‘पेमेंटचा बग बघणे’ ही ओळ निरुपयोगी, कारण तिच्यात सकाळी पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागतो. त्याऐवजी असं लिहा: ‘परतावा दोनदा जातोय, पण फक्त टाइमआउटनंतर रिट्राय झाला तरच. नेटवर्कचा अंदाज खोटा ठरला. उद्या: दोन्ही वेळा एकच विनंती क्रमांक जातो की नवा तयार होतो, हे लॉगमध्ये बघणे.’ हे वाचून दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत काम सुरू होतं. (लॉग म्हणजे प्रोग्राम चालताना होत जाणाऱ्या नोंदी.) खोटं ठरलेलं लिहिणं विशेष महत्त्वाचं. ते लिहिलं नाही तर दोन दिवसांनी तोच अंदाज नव्या उत्साहाने पुन्हा तपासला जातो.

याहून भक्कम धागा म्हणजे मुद्दाम लाल, म्हणजे फेल होणारी, सोडलेली टेस्ट (कोड तपासणारा छोटा कोड). उद्या जे घडवायचंय त्याची एक छोटी टेस्ट लिहा, ती फेल होऊ द्या आणि निघा. सकाळी टेस्ट चालवली की ती स्वतःच सांगते कुठे थांबलो होतो. मात्र ती तुमच्या स्वतःच्या ब्रँचवरच, म्हणजे कोडच्या तुमच्या वेगळ्या शाखेवरच हवी. मुख्य ब्रँचवर गेली तर सगळ्या टीमचं बिल्ड अडेल.

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन. अर्धवट काम गिट स्टॅशमध्ये, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या कप्प्यात, टाकून निघायची सवय बऱ्याच जणांना असते. ती सोडा. स्टॅश फक्त तुमच्या लॅपटॉपवर राहतो, त्याला नीट नाव दिलेलं नसतं, आणि नव्याने तयार केलेल्या, गिटला अजून न दाखवलेल्या फाइली त्यात आपोआप जातही नाहीत. आठवड्याभराने चार स्टॅश साचतात आणि कुठल्यात काय आहे ते कळत नाही. त्यापेक्षा स्वतःच्या ब्रँचवर ‘अर्धवट’ असं स्पष्ट लिहून कमिट करा, म्हणजे बदलांची नोंद करा, आणि सर्व्हरवर पुश करा. रिव्ह्यूला, म्हणजे सहकाऱ्यांच्या तपासणीला, देण्याआधी असे कमिट एकत्र करून नीट संदेश लिहिता येतो.

आता प्रवास. डोंबिवली–ठाणे टप्प्यात लॅपटॉप उघडण्याचा विचारही करू नका. चौथ्या सीटवर टेकायला मिळालं तरी कोपर हलवायला जागा नसते. ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बरला, म्हणजे नवी मुंबईकडे जाणाऱ्या लाइनला, आलात की ती गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे कधी बसायला मिळतं, पण ऐरोली लगेच येतं. म्हणजे हा सगळा वेळ हातांचा नाही, डोक्याचा आहे. तो पॉडकास्टने भरून टाकण्याआधी एक करून बघा: काल लिहिलेल्या तीन ओळी गाडीत चढायच्या आधी एकदा वाचा, मग फोन खिशात. अडलेल्या गोष्टीचं उत्तर अशा रिकाम्या वेळात सुचतं, हे या धंद्यातल्या बहुतेकांना माहीत आहे.

सुचलेलं उत्तर मात्र बरोबर असेलच असं नाही, आणि इथे नवे लोक फसतात. गर्दीत सुचलेली कल्पना इतकी चमकदार वाटते की ऑफिसात पोचल्या पोचल्या तिच्यावर अर्धा दिवस कोड लिहिला जातो. म्हणून ती टिपताना सोबत एक प्रश्न टिपा: हे खरं असेल तर लॉगमध्ये किंवा डेटाबेसमध्ये काय दिसायला हवं? पोचल्यावर आधी ते बघा. दिसलं नाही तर दहा मिनिटांत कल्पना सोडता येते.

सकाळचा पहिला दीड-दोन तास मेल आणि चॅट बंद. हे सात महिन्यांच्या माणसाला जमेल का, असं वाटेल. जमतं, फक्त आधी सांगावं लागतं: ‘साडेअकरापर्यंत कोडमध्ये आहे, तातडीचं असेल तर फोन करा.’ स्टँडअप अकराला असेल तर तो वेळ आपोआप दोन तुकड्यांत मोडतो. मग पहिल्या तुकड्यात दुसऱ्यांचा कोड रिव्ह्यू करा आणि सलग वेळ स्टँडअपनंतर घ्या. डबा खाल्ल्यावर लगेच अवघड काम घेऊ नका. टिकेट (कामाच्या नोंदी) अपडेट करणं, मेलला उत्तरं, कागदपत्रं हे त्या वेळेचं काम.

अडलात तर किती वेळ एकटं झुंजायचं? मी चाळीस मिनिटं सांगेन. त्याआधी विचारलं तर शिकणं राहतं, त्यानंतरही विचारलं नाही तर दिवस जातो. विचारताना चार गोष्टी द्या: काय व्हायला हवं होतं, काय झालं, काय काय करून पाहिलं, आणि एररची ओळ जशीच्या तशी, मजकूर म्हणून. स्क्रीनशॉट नको, त्यातलं कॉपी करून शोधता येत नाही. हे चार मुद्दे लिहितानाच उत्तर सापडलं, असं वारंवार होतं.

‘गेल्या महिन्यापर्यंत चालत होतं’ असा बग असेल तर डोकं लढवण्याआधी गिट बायसेक्ट वापरा. एक चांगला कमिट आणि एक बिघडलेला कमिट द्यायचा. ते मधला कमिट काढून देतं, तुम्ही चालला की नाही ते सांगायचं. प्रत्येक वेळी निम्मे कमिट बाद होतात, त्यामुळे पाचशे कमिट असले तरी साधारण नऊ खेपांत नेमका कमिट सापडतो. अट एवढीच की चाचणी छोटी आणि ठाम हवी; ‘बहुधा चाललं’ असं एकदा चुकीचं उत्तर दिलं तर शोध भलत्याच कमिटवर जाऊन थांबतो. मधला एखादा कमिट बिल्डच होत नसेल तर तो वगळायची सोय आहे.

तुमच्या संध्याकाळच्या कॉलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण घरी पोचायची वेळ त्यावर ठरते आणि तोच हिशेब तुमच्या कोडमध्येही शिरतो.

न्यूयॉर्कची सकाळची साडेनऊची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी ७ वाजता येते आणि हिवाळ्यात रात्री ८ वाजता. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. आपलं घड्याळ हलत नाही. लंडनचे लोक कॉलवर असतील तर त्यांच्या तारखा वेगळ्या, मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे रविवार. त्यामुळे वर्षातून दोनदा काही दिवस असे येतात की एकाचं घड्याळ बदललेलं असतं आणि दुसऱ्याचं नसतं. दर आठवड्याचं आमंत्रण ज्याने बनवलं त्याच्या टाइमझोनला ते बांधलेलं असतं. ऑक्टोबरमध्येच टीम लीडला सांगा की थंडीच्या महिन्यांत ही मीटिंग त्यांच्या साडेआठला घेता आली तर इथल्या लोकांना आधीची गाडी मिळेल. आधी सांगितलं तर लोक सहज मान्य करतात. नोव्हेंबर उजाडल्यावर सगळ्यांची कॅलेंडरं भरलेली असतात.

हाच हिशेब सर्व्हरवर. बहुतेक सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतात आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. रात्री बाराला म्हणून लावलेलं क्रॉनचं (ठरल्या वेळी आपोआप चालणारं) काम पहाटे साडेपाचला चालतं. आपल्या मध्यरात्री हवं असेल तर १८:३० लावावं लागतं. रोजच्या विक्रीचा अहवाल यूटीसीच्या तारखेवर काढला तर १५ ऑगस्टच्या पहाटे दोनला आलेली ऑर्डर १४ ऑगस्टमध्ये मोजली जाते. आकडे थोडेसेच चुकतात, म्हणून हा बग महिनोन्‌महिने लपून राहतो. जन्मतारीख वेळेसकट साठवली की आपली मध्यरात्र यूटीसीत आदल्या दिवशी जाते आणि माणूस एक दिवसाने मोठा होतो. ती नुसती तारीख म्हणूनच साठवा. घडून गेलेल्या घटना यूटीसीत ठेवा आणि दाखवताना बदला. पुढच्या मीटिंगा मात्र तिथल्या स्थानिक वेळेत, टाइमझोनच्या नावासह ठेवा, कारण नियम सरकार बदलू शकतं. आणि फरक पूर्ण तासांत असतो असं धरून लिहिलेला जुना कोड दिसला तर तिथेच थांबा. आपला अर्धा तास आणि नेपाळची पाऊण तासाची वेळ त्यात बसत नाही.

टाइमझोनच्या यादीत मुंबई शोधू नका, आपल्यासाठी ‘एशिया/कोलकाता’ आहे. एके काळी मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. १९०६ मध्ये देशाची प्रमाणवेळ आल्यावरही शहराने ती बरीच वर्षं सोडली नव्हती. मला ही गोष्ट फार आवडते, कारण टाइमझोन हे माणसांनी ठरवलेले करार आहेत हे ती एका फटक्यात समजावते.

एआयकडून कोड लिहून घेण्याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. घ्या, पण एका वेळी एक फंक्शन, आणि त्याची टेस्ट आधी स्वतः लिहून. एकदम चारशे ओळी घेतल्या की त्या समजून घेण्यात संपूर्ण दुपार जाते, आणि रिव्ह्यूमध्ये ‘ही ओळ का?’ याला उत्तर नसतं. जी ओळ तोंडी समजावता येत नाही ती पाठवू नका. कंपनीचा कोड वैयक्तिक खात्यावरच्या एआयमध्ये पेस्ट करायचा नाही, हे तर नोकरीच्या कागदांवर सही करतानाच बहुतेक ठिकाणी मान्य केलेलं असतं.

शरीराचं थोडक्यात: दर वीस मिनिटांनी वीसेक सेकंद वीस फूट लांब बघा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणा, आणि चारचा चहा खुर्चीत न घेता टपरीवर जाऊन घ्या. कटिंग संपेपर्यंत पाठीलाही आराम मिळतो.

लॅपटॉपचंही एक. विंडोजच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये झाकण मिटल्यावर मशीन पूर्ण झोपत नाही, आत काहीबाही चालू राहतं. सॅकमध्ये हवा नसते, सॅक गर्दीत छातीशी दाबलेली. घरी पोचेपर्यंत मशीन तापलेलं आणि बॅटरी उतरलेली असते. निघताना हायबरनेट करा. मेमरी डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं आणि उघडल्यावर खिडक्या जिथल्या तिथे सापडतात. जून ते सप्टेंबर लॅपटॉप आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड दुमडा आणि मग सॅकमध्ये ठेवा. सॅकचं रेनकव्हर पाठीकडच्या बाजूने उघडं असतं, पाणी तिथूनच झिरपतं. चार्जर वेगळ्या कप्प्यात. आणि पावसाचा इशारा असेल त्या दिवशी तीन ओळींची ती फाइलही ब्रँचसोबत पुश करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी गाड्या बंद राहिल्या आणि लॅपटॉप ऑफिसातच अडकला, तरी घरच्या मशीनवरून, कंपनीची परवानगी असेल तर, तिथूनच पुढे सुरू करता येईल.